जर्मनीतलं रेसिडेन्स कार्ड संपत आलंय आणि टर्मिन (भेटीची वेळ) मिळत नाहीये: काय तपासायचं, कुठल्या क्रमाने

आधी लक्षणं. यातलं एखादं तुमच्या घरी दिसत असेल तर पुढे वाचा.

- कार्डाची मुदत दोन-तीन महिन्यांवर आली आहे आणि आउसलेंडरबेहोर्डच्या, म्हणजे परदेशी नागरिकांच्या कार्यालयाच्या, वेबसाइटवर टर्मिनचं कॅलेंडर रोज सकाळी रिकामं.
- ऑनलाइन अर्ज केला, पोच आली, त्यानंतर आठ आठवडे चिडीचूप.
- "कार्ड छापायला दिलंय" असं फोनवर सांगितलं, पण घ्यायला या म्हणणारं पत्रच येत नाही.
- कंपनीच्या एचआरची "नवीन कार्डाची प्रत पाठवा" अशी दुसरी मेल आली. तिसरीत मॅनेजरही कॉपीत असतो.
- गणपतीची तिकिटं काढून झाली आणि कार्ड त्याच्या आदल्याच आठवड्यात संपतंय.
- तुमचं कार्ड झालं, बायकोचं किंवा मुलाचं अडकलं.

मी वकील नाही. इथे अकरा वर्षं राहतोय, घरात चार जणांची चार कार्डं आहेत, आणि मराठी मंडळींच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर दर दोन-तीन महिन्यांनी हाच प्रश्न येतो, म्हणून बरीच प्रकरणं जवळून पाहिली आहेत. खालचा क्रम त्यातून आला आहे. फुकटात होणारं आधी, खिशाला चाट लावणारं शेवटी.

एक गोष्ट आत्ताच सांगतो, कारण घाबरलेला माणूस पोस्ट शेवटपर्यंत वाचत नाही. तुमचा हक्क टर्मिनच्या तारखेवर टिकत नाही. तो टिकतो अर्जाच्या तारखेवर. कार्डाची मुदत संपायच्या आत मुदतवाढीचा अर्ज कार्यालयात पोचला, तर निवास कायद्याच्या कलम 81, परिच्छेद 4 प्रमाणे निर्णय होईपर्यंत जुना परवाना चालू धरला जातो, नोकरीच्या परवानगीसकट. टर्मिन चार महिन्यांनी मिळाला तरी. आता सावकाश तपासू.

कार्ड हातात घ्या आणि नीट वाचा

हसू नका. गेल्या वर्षी एका ओळखीच्याचा रात्री अकराला फोन आला, "माझं सगळं पुढच्या महिन्यात संपतंय." कार्डावर काय लिहिलंय विचारलं तर 'नीडरलासुंग्सएरलाउबनिस'. म्हणजे कायमचा परवाना. त्याचा फक्त प्लास्टिकचा तुकडा संपत होता, हक्क नाही. हे 1 सप्टेंबर 2011 पासून सुरू झालेलं चिपवालं कार्ड पासपोर्टच्या मुदतीशी बांधलेलं असतं. पासपोर्ट बदलला की कायम परवानावाल्यालाही कार्ड नव्याने करून घ्यावं लागतं. त्याचे 67 युरो लागतात, पण नोकरी-पगाराची परीक्षा पुन्हा द्यावी लागत नाही. बिचारा दोन आठवडे झोपला नव्हता.

कार्डावर 'ब्लाउए कार्टे ईयू' (उच्चशिक्षित नोकरदारांचं ब्लू कार्ड) किंवा 'आउफेंटहाल्ट्सएरलाउबनिस' (ठरावीक मुदतीचा परवाना) असेल तर मात्र तारीख खरी आहे. सोबत हिरवट रंगाचं घडीचं पान, म्हणजे 'झुझात्झब्लाट', मिळालेलं असतं. तेही वाचा. कुठल्या मालकाकडे काम करता येईल यासारख्या अटी त्यावर असतात आणि बहुतेकांनी ते पान कार्ड मिळाल्याच्या दिवसानंतर उघडलेलं नसतं.

इथेच एक प्रश्न स्वतःला विचारा: मुदतवाढ मागायचीच कशाला? नोव्हेंबर 2023 पासूनच्या नियमाप्रमाणे ब्लू कार्डवर 27 महिने नोकरी आणि पेन्शनचे हप्ते झाले असतील तर ए1 पातळीच्या जर्मनवर, आणि बी1 असेल तर 21 महिन्यांतच, कायम परवाना मागता येतो. शुल्क 113 युरो. मुदतवाढीचे 93 भरून चार वर्षांनी पुन्हा हाच खेळ खेळण्यापेक्षा वीस युरो जास्त गेलेले परवडले.

पासपोर्ट

अडकलेल्या प्रकरणांत सगळ्यात जास्त वेळा सापडणारा दोष हा. पासपोर्ट संपतो त्याच्या पुढची तारीख कार्डावर सहसा टाकत नाहीत. पासपोर्टचे आठ महिने उरले असतील तर कार्डही आठ महिन्यांचं मिळेल, पैसे पूर्ण जातील आणि पुढच्या वर्षी पुन्हा रांगेत.

मोठ्यांचा भारतीय पासपोर्ट दहा वर्षांचा, मुलांचा पाच वर्षांचा. हा पाच वर्षांचा हिशेब लोक विसरतात आणि म्हणून घरात पहिल्यांदा कार्ड अडकतं ते धाकट्याचं. पासपोर्टचं काम बर्लिनचा दूतावास किंवा फ्रँकफर्ट, म्युनिक, हॅम्बुर्ग इथल्या वाणिज्य दूतावासांच्या हद्दीप्रमाणे होतं. भारतातली पोलिस पडताळणी लागली तर वेळ वाढतो. आणि गंमत बघा, पासपोर्टच्या अर्जाला जर्मन निवास परवान्याची प्रत मागतात, तर परवान्याला चालू पासपोर्ट. दोन्ही एकाच महिन्यात संपू दिलेत की कोंबडी आधी की अंडं. म्हणून पासपोर्टचं एक वर्षापेक्षा कमी उरलं असेल तर आधी तो, मग कार्ड. दोन्ही एकदम अंगावर आलेच असतील तर कार्डाचा अर्ज आत्ताच टाकून मोकळे व्हा. सोबत पासपोर्टच्या अर्जाची पावती लावा आणि नवा पासपोर्ट आला की पाठवतो असं लिहा.

पत्रपेटीवरचं नाव

या तपासणीला शून्य रुपये, शून्य युरो लागतात आणि तिच्यावर मी सगळ्यात जास्त वेळ घेणार आहे.

जर्मनीत पत्त्यात फ्लॅट नंबर नसतो. घराचा क्रमांक, आणि मग पोस्टमन पत्रपेटीवरचं नाव वाचतो. नाव नाही तर पत्र परत, वर शिक्का: पत्ता देऊनही पत्र घेणारा सापडत नाही. कार्यालयाच्या दृष्टीने त्यांनी पत्र पाठवलं. तुमच्या दृष्टीने त्यांनी काहीच केलं नाही. दोघंही खरं बोलत असतात.

आता आपली नावं. पासपोर्टवर गिव्हन नेमच्या रकान्यात स्वतःचं आणि वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव एकत्र असतं, मग आडनाव. जर्मन कारकुनाच्या मते ही माझी दोन पाळण्यातली नावं आहेत, आणि माझ्या बायकोचं दुसरं पाळण्यातलं नाव म्हणजे मी. ते एक वेळ चालून जातं. चालत नाही ते हे: बायकोच्या पासपोर्टवर माहेरचं आडनाव आणि पेटीवर फक्त नवऱ्याचं. आमच्या घरी नेमकं हेच झालं. तिच्या टर्मिनचं पत्र एकदा नव्हे, दोनदा परत गेलं. मी तीन आठवडे कार्यालयाला शिव्या घालत होतो. शेवटी कागदाची पट्टी कापली, तिचं आडनाव लिहिलं, पेटीला आणि बेलला चिकटवली. तिसरं पत्र आलं.

तेव्हा कार्डावर जशी छापली आहेत तशी घरातल्या सगळ्यांची आडनावं पेटीवर हवीत. कुणाच्या घरी सबलेटवर राहत असाल तर मूळ भाडेकरूच्या नावाखाली स्वतःचं. हाउसमाइस्टर, म्हणजे इमारतीची देखभाल करणारा, "एकसारख्या पाट्याच लावा" म्हणून कुरकुरेल. पाटी येईपर्यंत पट्टी राहू द्या.

ईमेलचा स्पॅम फोल्डरही याच दिवशी उघडा. "एक कागद कमी आहे, चौदा दिवसांत पाठवा" असं उत्तर तिथे महिनाभर पडून राहिलेलं मी पाहिलंय.

घर बदललंत का?

नव्या घरात राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत आनमेल्डुंग (पत्त्याची नोंदणी) करायची असते, हे सगळ्यांना माहीत आहे. त्याचा कार्डाशी काय संबंध, हे नाही. शहर किंवा जिल्हा बदलला की तुमची फाइल दुसऱ्या कार्यालयाची होते आणि ती जुन्याकडून नव्याकडे जायला वेळ लागतो. जुन्या शहरात केलेला अर्ज तिकडेच धूळ खात असतो. त्यामुळे नव्या कार्यालयाला स्वतःहून लिहा: पूर्वीचं शहर, तिथला फाइल क्रमांक, अर्जाची तारीख, पोचेची प्रत. कुठलं कार्यालय आपलं हेही एकदा बघून घ्या. लहान गावात राहणाऱ्यांचं काम बहुतेक वेळा गावच्या राटहाउसमध्ये (नगरपालिकेत) नसतं, लांडराट्सआम्टमध्ये, म्हणजे जिल्हा कार्यालयात असतं. बर्लिनमध्ये त्याचं नाव एलईए, म्युनिकमध्ये ते केव्हीआर या शहराच्या प्रशासन विभागाच्या छत्राखाली येतं.

कागद

इथे लांबण लावत नाही, कारण प्रत्येक कार्यालयाची यादी त्यांच्या वेबसाइटवर असते. जिथे लोक ठेचकाळतात तेवढंच सांगतो.

फोटो: 1 मे 2025 पासून डिजिटलच. स्टुडिओत काढला तर क्यूआर कोडचा कागद मिळतो, नाहीतर कार्यालयातल्या यंत्रावर 6 युरोत काढता येतो, यंत्र असेल तर. भारतातून येताना आईने प्रेमाने काढून दिलेले बारा पासपोर्ट फोटो अल्बमला लावा.

मालकाचा फॉर्म: नोकरीच्या तपशिलाचं 'एरक्लेरुंग झुम बेशेफ्टिगुंग्सफरहेल्टनिस' कंपनीने भरून द्यायचं असतं. एचआर त्याला तीन आठवडे घेते, म्हणून हे सगळ्यात आधी मागा. करार ठरावीक मुदतीचा असेल आणि तोच संपत आला असेल तर कार्डही तेवढंच. आधी कराराची मुदतवाढ लेखी घ्या.

पगार: ब्लू कार्डची किमान मर्यादा दर वर्षी बदलते आणि मुदतवाढीच्या वेळी पुन्हा पाहिली जाते. 2025 साली ती वर्षाला 48,300 युरो होती, टंचाईच्या व्यवसायांना सुमारे 43,760. चार वर्षांपूर्वी काठावर पास झालेला पगार वाढला नसेल, किंवा बाळंतपणानंतर अर्धवेळ काम घेतलं असेल, तर ही गोष्ट अर्जाआधी तपासा. मर्यादेखाली असाल तर कुशल कामगाराचा साधा परवाना बहुधा मिळू शकतो, पण तो मागावा लागतो.

आरोग्य विमा: सरकारी विमेवाल्यांना ॲपमधून सदस्यत्वाचं पत्र दोन मिनिटांत मिळतं. खासगीवाल्यांनी कंपनीकडून स्वतंत्र दाखला घ्यावा. विमाकार्डाची झेरॉक्स पुरत नाही.

आणि प्रत्येक माणसाचा अर्ज वेगळा. नवऱ्याच्या अर्जात बायको-मुलं आपोआप येत नाहीत. कुटुंबाची कार्डं सहसा मुख्य माणसाच्या तारखेलाच संपतात, त्यामुळे लोकांना वाटतं की तीही सोबतच वाढतील. मुलांचं शुल्क निम्मं असतं, सहा वर्षांखालच्यांचे बोटांचे ठसे घेत नाहीत, पण अर्ज लागतो म्हणजे लागतो.

अर्ज खरंच 'झाला' आहे का?

आता मुद्द्याची गोष्ट. टर्मिन बुक करणं म्हणजे अर्ज करणं नव्हे. "टर्मिन द्या" अशी मेल करणं म्हणजेही नव्हे. "मी माझ्या अमुक परवान्याची मुदतवाढ मागत आहे" हे वाक्य, सही आणि तारीख असलेलं, मुदत संपायच्या आत तिकडे पोचलं पाहिजे आणि पोचल्याचा पुरावा तुमच्याकडे पाहिजे.

शहराचा ऑनलाइन फॉर्म असेल तर तो भरा आणि शेवटची पोच पीडीएफ करून ठेवा. स्क्रीनवरचा हिरवा टिकमार्क उद्या दिसत नाही. ऑनलाइन सोय नसेल तर साधं पत्र: नाव, जन्मतारीख, कार्डाचा क्रमांक, वरचं वाक्य, सोबत असतील तेवढे कागद, "उरलेले मागाहून पाठवतो". रजिस्टर पोस्टाने पाठवा, किंवा कार्यालयाच्या दारातल्या पेटीत साक्षीदार घेऊन टाका. फॅक्स हसण्यावारी नेऊ नका. पानाची छोटी प्रतिमा असलेला पाठवल्याचा अहवाल फॅक्स यंत्रातून निघतो आणि इथे त्याला अजून मान आहे. मेलही करा, पण एकट्या मेलवर विसंबू नका.

मुदत संपायला तीन-चार महिने असताना हे केलंत तर बाकीचं सगळं नुसतं वाट पाहणं उरतं. आणि दहाच दिवस उरले असतील तर कागद जमवत बसू नका, आहे तसा अर्ज आज टाका. अपुरा अर्ज नंतर पुरा करता येतो. उशिरा केलेल्या अर्जाची तारीख मागे नेता येत नाही.

फिक्शन

पूर्ण नाव फिक्त्सिऑन्सबेशायनिगुंग. आम्ही सगळे नुसतं फिक्शन म्हणतो, आणि पहिल्यांदा ऐकणाऱ्याला वाटतं कादंबरीबद्दल चाललंय. अर्ज वेळेत आला आहे, जुना परवाना चालू धरावा, असं सांगणारा हा घडीचा कागद. शुल्क 13 युरो. तो आपोआप येतोच असं नाही, मागावा लागतो.

हक्क कायद्याने आधीच मिळालेला असतो. कागद दाखवण्यापुरता. पण एचआरला, बँकेला आणि विमानतळावर दाखवायला दुसरं काही नसतं. एचआरसाठी हाच कागद पुरतो. कर्मचाऱ्याच्या परवान्याची प्रत ठेवणं ही कंपनीची कायदेशीर जबाबदारी आहे, त्यामुळे त्यांच्यावर चिडण्यात अर्थ नाही. जुन्या कार्डाची प्रत, अर्जाची पोच आणि फिक्शन एकत्र पाठवा.

प्रवासाआधी आतल्या तीन चौकटी बघा. खूण तिसरीवर, म्हणजे परिच्छेद 4 वर असेल तर जुनं कार्ड आणि पासपोर्टसोबत भारतात जाऊन परत येता येतं. पहिल्या चौकटीवर, म्हणजे परिच्छेद 3 वर असेल तर जर्मनीत राहता येतं, पण बाहेर गेलात तर त्या कागदावर परत येता येत नाही. कागद हातात नसताना, नुसत्या ऑनलाइन पोचेवर, मुदत संपल्यावर उडायचं धाडस करू नका. आणि कागद असला तरी परतीचं विमान शक्यतो मुंबईहून थेट फ्रँकफर्ट किंवा म्युनिकचं घ्या. सहारच्या काउंटरवर रात्री दोन वाजता जर्मन कागद समजावणं एकदाच पुरतं, मध्ये आणखी एक देश नको. माझ्या मित्राला चाळीस मिनिटं लागली. संपलेलं कार्ड त्याने घरी ठेवलं असतं तर विमान गेलंच असतं.

अर्ज आहे, पुरावा आहे, तरी हालचाल नाही

आठ-दहा आठवड्यांनी एक लेखी चौकशी. जर्मनमध्ये, चार ओळी, फाइल क्रमांक वर. रोज फोन करून काही होत नाही. एकाच विषयावर सात मेल पाठवल्यात तर प्रत्येक मेल आधी वाचून फाइलला लावावी लागते आणि तुमचाच नंबर मागे जातो. ठोस कारण असेल, म्हणजे नव्या नोकरीची तारीख किंवा घरातल्या कुणाचं आजारपण, तर ते पुराव्यासह लिहा. "तिकीट काढलंय" हे त्यांच्या लेखी कारण नाही.

यानेही हललं नाही तर कारितास, डायकोनी, आवो अशा संस्थांच्या स्थलांतरित सल्ला केंद्रात जा. फुकट असतं, आणि कार्यालयात कुणाशी बोलायचं हे त्यांना ठाऊक असतं. आपल्याकडचे आयटीवाले तिथे जायला लाजतात. मीही लाजलो होतो.

इथे थांबा आणि वकील गाठा

पुढच्या गोष्टी ग्रुपवर विचारू नका. माझ्यासारख्याचं ऐकूही नका. परदेशी नागरिकांच्या कायद्याचा वकील, त्याला फाखआनवाल्ट फ्युअर मिग्रात्सिऑन्सरेख्ट म्हणतात, लगेच.

मुदत संपून गेली आणि अर्ज केलाच नव्हता. एखाद-दोन दिवसांचाच उशीर असेल तर अर्ज त्याच क्षणी टाका. विशेष अडचणीत कार्यालय जुना परवाना चालू धरू शकतं, पण तो त्यांचा निर्णय असतो, तुमचा हक्क नाही. तो मागायचा कसा, हे वकिलाला लिहू द्या.

नोकरी गेली. शेवटचा दिवस कळल्यापासून दोन आठवड्यांत हे कार्यालयाला स्वतःहून कळवायचं असतं. लपवून मुदतवाढ मागणं ही या यादीतली सगळ्यात महागडी चूक.

नवरा-बायको वेगळे झाले आणि तुमचा परवाना जोडीदाराच्या आधाराने आहे. इथे एकत्र राहिल्याची तीन वर्षं झाली की नाही यावर बरंच अवलंबून असतं, आणि काय लिहायचं, कधी लिहायचं, हे जाणकारानेच ठरवावं.

'आनह्योरुंग' किंवा 'आबलेह्नुंग' असा शब्द असलेलं पत्र आलं. पहिल्यात म्हणणं मांडायला दिलेली मुदत असते, दुसरं नकाराचं. नकार आला की फिक्शनचा आधार संपतो आणि विरोध करायला साधारण एक महिना असतो. नुसता विरोध नोंदवला म्हणून राहण्याचा हक्क टिकत नाही, कोर्टात तातडीचा वेगळा अर्ज लागू शकतो. पत्र आल्याची तारीख पाकिटावर लिहून ठेवा, पाकीट टाकू नका.

आणि शेवटचं: सगळं बरोबर असून अर्जाला तीन महिने उलटले, निर्णय नाही. प्रशासकीय कोर्टात निष्क्रियतेची तक्रार करता येते, 'उनटेटिगकाइट्सक्लागे'. पहिल्या पायरीला वकिलाची सक्ती नाही, तरी मी एकट्याने केली नसती. मी पाहिलेल्या दोन प्रकरणांत कोर्टापर्यंत जावंच लागलं नाही. वकिलाचं मुदत घालून दिलेलं पत्र गेलं आणि टर्मिन आला.

कार्ड हातात आल्यावर काउंटर सोडायच्या आधी नावाचं स्पेलिंग, जन्मतारीख आणि झुझात्झब्लाटवरची अट तिथेच वाचा. छपाई बर्लिनच्या बुंडेसड्रुकराईत होते, चूक घरी येऊन सापडली तर पुन्हा चार-सहा आठवडे. कार्डाच्या चिपच्या पिनचं पत्र वेगळं येतं, कार्डाच्या आधीही येऊ शकतं. जाहिरात समजून ते कागदाच्या निळ्या डब्यात टाकू नका.